ओटी आणि पाटी

वर्ध्याहून नागपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, सेलू तालुक्यात केळझर नावाचे गाव आहे. गावाजवळच्या टेकडीवर सिद्धिविनायकाचे देवस्थान असून विदर्भातील अष्टविनायकांत त्याची गणना होते. पांडव अज्ञातपणे राहत होते ती महाभारतातील एकचक्रा नगरी हीच, अशी या भागातील लोकांची श्रद्धा आहे. इतर प्रांतांतील काही गावेही हा मान आपल्याकडे घेतात. परंतु केळझरच्या मुलांना मात्र ती कथा आपल्याच गावाची म्हणून लहानपणापासून ठाऊक असते.

कथा अशी. एकचक्रेजवळच्या अरण्यात बकासुर राहत असे. गाडाभर अन्न, गाड्याचे बैल आणि गाडा घेऊन येणारा माणूस, एवढा त्याचा ठरलेला आहार. प्रत्येक घराची पाळी ठरलेली असे. ज्या ब्राह्मणाच्या घरी पांडव उतरले होते त्या घरावर एके दिवशी ही पाळी आली. आई म्हणाली, मी जाते. बाप म्हणाला, मी जातो. मुलगी म्हणाली, मला पाठवा. हा शोक चालू असता घरातील अगदी लहान मुलगा गवताची एक काडी हातात घेऊन पुढे आला आणि बोबड्या बोलांत म्हणाला की, या काडीने मी त्या राक्षसाला मारून टाकीन. दुःखातही सर्वांना हसू आले. पुढे भीम गाडा घेऊन गेला व बकासुराचा वध झाला.

बकासुराची कथा पुराणातली; परंतु घरातील कोणाला तरी पाळीने दुसऱ्याच कशाच्या तरी स्वाधीन करावे लागणे, ही गोष्ट मात्र पुराणातच राहिलेली नाही. गरिबी ही अशीच पाळी लावते. फरक इतकाच की, ती बहुधा घरातील लहान मुलाची निवड करते.

दसरा उलटला की वर्धा जिल्ह्यातील काळ्या जमिनीवर पऱ्हाटीची बोंडे फुटू लागतात. वावरात सीतादहीची पूजा होते आणि वेचणीला आरंभ होतो. कमरेला ओटी बांधून बाया तासातासाने पुढे सरकतात, दोन्ही हातांनी बोंडांतला कापूस काढून ओटीत टाकतात. ओटी भरली की धुऱ्यावरच्या ढिगात रिती करतात. संध्याकाळी कापूस तोलला जातो आणि मजुरी वजनावर मिळते. जितका कापूस अधिक, तितके पैसे अधिक. एका बाईच्या दोन हातांबरोबर आणखी दोन लहान हात चालू लागले तर संध्याकाळच्या तोलात काही किलोंची भर पडते. फुटलेला कापूस फार दिवस झाडावर ठेवता येत नाही. अवकाळी पाऊस आला तर तो भिजतो, जमिनीवर गळतो, मातीत मिसळतो. म्हणून वेचणीचे दिवस घाईचे असतात. नेमके याच दिवसांत शाळेचे पहिले सत्र संपून दुसरे सुरू झालेले असते.

अशा वेळी घरात जो विचार होतो त्यात निष्ठुरपणा नसतो. आईबापांना मूल शिकावे असे वाटत नाही, हे म्हणणे बहुतेक वेळा खोटे असते. त्यांच्यासमोर प्रश्न असतो तो आजच्या मजुरीचा आणि दहा वर्षांनंतरच्या लाभाचा. आजची मजुरी तोलून हातात पडते. दहा वर्षांनंतरचा लाभ कोणी तोलून दाखवीत नाही. थोरली मुलगी घरी राहिली तर धाकट्याला सांभाळते आणि आई मोकळ्या हातांनी वावरात जाऊ शकते. मुलीचे नाव पटावर असते, पण ती स्वतः झोळीजवळ असते. शाळेची इच्छा सर्वांची. शाळेची संधी मात्र कोणाला तरी मिळते, कोणाला मिळत नाही. ही संधी खेड्यातील मुलापर्यंत पोहोचावी म्हणून महाराष्ट्रात जे प्रयत्न झाले त्यांचा इतिहास मोठा आहे. त्या इतिहासात दिसते ते असे की, मूल आणि शाळा यांच्यामध्ये एकच भिंत नव्हती. एक पाडली की तिच्यामागे दुसरी उभी असे.

पहिली भिंत होती ती प्रत्यक्ष शाळेच्या दारातच. १८५६ साली धारवाड येथील एका महार मुलाने सरकारी शाळेत प्रवेश मिळावा म्हणून मुंबई सरकारकडे अर्ज केला. शाळा सरकारच्या पैशाने चालत होती. मुलाची शिकण्याची तयारी होती. तथापि त्याला घेतले तर इतर मुले शाळा सोडून जातील, या भयाने त्याला प्रवेश नाकारण्यात आला. हा प्रश्न पुढे विलायतेतील कंपनी सरकारच्या संचालकांपर्यंत गेला आणि १८५८ साली सरकारी शाळा सर्व वर्गांच्या मुलांना खुल्या आहेत असे त्यांनी कळविले. कागदावर दार उघडले. परंतु त्यानंतर चाळीसहून अधिक वर्षांनी साताऱ्याच्या शाळेत शिकणाऱ्या भीमराव आंबेडकरांना बसण्यासाठी घरून गोणपाट न्यावे लागे, वर्गात वेगळे बसावे लागे आणि तहान लागली तर शिपायाने वरून पाणी ओतीपर्यंत थांबावे लागे. ज्या दिवशी शिपाई नसेल त्या दिवशी तहानलेलेच राहावे लागे. शाळेत प्रवेश मिळणे आणि शाळा आपली होणे, या दोन गोष्टींत केवढे अंतर असते, हे यावरून कळते.

ही भिंत फोडण्याचे काम ज्यांनी प्रथम हाती घेतले त्यांत जोतीराव व सावित्रीबाई फुले यांचे नाव अग्रभागी आहे. १८४८ साली पुण्यात भिडे यांच्या वाड्यात त्यांनी मुलींची शाळा काढली. १८५५ साली दिवसभर राबणाऱ्या शेतकरी व मजुरांसाठी रात्रीची शाळा उघडली. रात्रीची शाळा ही कल्पना आज साधी वाटते. पण तिच्यामागील विचार महत्त्वाचा आहे. ज्याचा दिवस पोटासाठी विकला गेला आहे त्याच्यासाठी शाळेने आपली वेळ बदलली पाहिजे, हे तत्त्व तिच्यात होते. १८८२ साली हंटर आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात जोतीरावांनी आणखी पुढचे मागणे मागितले. सरकारी तिजोरीत जाणारा पैसा मुख्यतः शेतकऱ्यांच्या घामातून येतो. त्याचा मोठा भाग वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो आणि ज्यांचा पैसा त्यांचीच मुले निरक्षर राहतात, हा अन्याय त्यांनी आयोगासमोर मांडला. निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे असावे, अशी त्यांची मागणी होती.

सक्ती हा शब्द ऐकला की मन दचकते. परंतु मुलाच्या दृष्टीने पाहिले तर या सक्तीचा अर्थ निराळा होतो. ती मुलावर नसून, मुलाला कामाला जुंपू इच्छिणाऱ्या परिस्थितीवर असते. ही गोष्ट ज्याने स्वतःच्या अनुभवाने जाणली असा एक राज्यकर्ता महाराष्ट्रातील खेड्यातूनच निघाला. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे या गावी एका शेतकरी कुटुंबात १८६३ साली गोपाळराव नावाचा मुलगा जन्मला. बाराव्या वर्षापर्यंत त्याला लिहिता-वाचता येत नव्हते. १८७५ साली बडोद्याच्या राजघराण्यात तो दत्तक गेला आणि सयाजीराव गायकवाड झाला. दैवाने एका मुलाला शाळा मिळाली. पण दैव प्रत्येक खेड्यातील प्रत्येक मुलाकडे येत नाही, हे त्या राजाने ओळखले असावे. १८९३ साली अमरेली भागातील निवडक गावांत त्यांनी सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ साली तो साऱ्या बडोदे राज्याला लागू केला. मुलांबरोबर मुलीही त्यात होत्या.

बडोद्याचे हे उदाहरण डोळ्यांसमोर ठेवून नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी मार्च १९११ मध्ये वरिष्ठ कायदेमंडळात प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. मागणी अतिशय मोजकी होती. सहा ते दहा वर्षांच्या मुलग्यांपुरती, आणि तीही ज्या स्थानिक संस्था तयार असतील व जेथे शाळेत जाणाऱ्या मुलांचे प्रमाण आधीच पुरेसे असेल तेथेच, सक्ती करावी इतकेच त्यांचे म्हणणे होते. तरीही १९१२ च्या मार्च महिन्यात १३ विरुद्ध ३८ मतांनी ते विधेयक फेटाळले गेले. विरोधकांत सरकारी अधिकाऱ्यांबरोबर काही हिंदी जमीनदारही होते. खर्च फार होईल, लोकांची मागणी नाही, अशी कारणे पुढे करण्यात आली. मागणी नाही असे म्हणणाऱ्यांना धारवाडच्या त्या मुलाचा अर्ज आठवला नाही.

दिल्ली-कलकत्त्याला जे घडले नाही ते कोल्हापुरात घडले. छत्रपती शाहू महाराजांनी १९१७ साली आपल्या संस्थानात सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला. मुलाला शाळेत न पाठविणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड ठेवण्यात आला. त्या काळी एक रुपया ही खेड्यातील माणसाला सहज सोसणारी रक्कम नव्हती. दंडाची भीती दाखविणाऱ्या या राजाने दुसऱ्या बाजूने वाटही मोकळी करून दिली होती. १९०१ पासून कोल्हापुरात निरनिराळ्या जातींच्या विद्यार्थ्यांसाठी त्यांच्या आश्रयाने वसतिगृहे निघाली. खेड्यातील मुलाला गावातील चौथीनंतर पुढे शिकावयाचे तर शहरात राहण्याची सोय हवी, ही दुसरी भिंत त्यांनी नेमकी हेरली होती. त्याच कार्याचा धागा भाऊराव पाटलांनी पुढे नेला. १९१९ साली सातारा जिल्ह्यातील काले या गावी त्यांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली; १९२४ साली साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांना एकत्र ठेवणारे वसतिगृह काढले. मुलांनी श्रम करावे आणि त्या श्रमावर शिकावे, हा त्यांचा मार्ग होता. गरिबाच्या मुलाजवळ पैसा नसतो, पण हात असतात; ते हात शिक्षणाचे शत्रू न ठरता साहाय्यक कसे होतील, याचे उत्तर त्यांनी शोधले.

हाच प्रश्न, अधिक मूलगामी रीतीने, केळझरपासून काही कोसांवर वर्ध्यात विचारला गेला. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्याच्या मारवाडी विद्यालयात महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली शिक्षणतज्ज्ञांची परिषद भरली. हे विद्यालय पुढे नवभारत विद्यालय या नावाने प्रसिद्ध झाले. सात वर्षांचे मोफत व सक्तीचे शिक्षण, मातृभाषेचे माध्यम, एखाद्या उत्पादक हस्तव्यवसायाभोवती गुंफलेला अभ्यासक्रम आणि त्या उत्पन्नातून हळूहळू शिक्षकांचे वेतन निघावे ही अपेक्षा, असे ठराव तेथे झाले. डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने त्यावरून अभ्यासक्रम तयार केला. सेवाग्रामला हिंदुस्तानी तालीमी संघाचे कार्य सुरू झाले आणि आर्यनायकम व आशादेवी या दांपत्याने ते निष्ठेने चालविले.

कापसाच्या मुलुखातील मुलांना या शाळेत कापूसच पाठ्यपुस्तक झाला. सरकी वेगळी करणे, पिंजणे, पेळू करणे, टकळीवर सूत काढणे ही कामे करताना ते मोजत, तोलत, हिशेब लिहीत. कापूस कोणत्या जमिनीत येतो हे विचारले की भूगोल येई. तो विलायतेच्या गिरण्यांत कसा गेला हे विचारले की इतिहास येई. वावरात मूल जो कापूस वेचते त्याचे पुढे काय होते, हे त्याला सहसा कळत नाही. येथे ते कळू लागले. या योजनेवर आक्षेपही तेव्हाच घेण्यात आले. मुलांच्या कामातून शिक्षकाचा पगार काढावयाचा तर शाळेचा कारखाना होईल आणि शिकण्यापेक्षा उत्पादनालाच महत्त्व येईल, ही शंका रास्त होती. स्वातंत्र्यानंतर ही पद्धती देशभर टिकू शकली नाही. तरी तिचा विचार नष्ट झालेला नाही. २००५ सालापासून सेवाग्रामच्या आवारात आनंद निकेतन ही शाळा नई तालीमच्या विचारावर पुन्हा चालू झाली. मजुरीसाठी केलेले काम मुलाचे बालपण खाऊन टाकते, आणि शिकण्यासाठी केलेले काम त्याची बुद्धी वाढविते, हा भेद वर्ध्याच्या त्या परिषदेने जगापुढे ठेवला.

काही मुले अशी असतात की त्यांच्यासाठी शाळा उघडली, फी माफ केली, तरी ती येत नाहीत. कारण त्यांना गुरे राखावयाची असतात. १९४५ साली ताराबाई मोडकांनी बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि पुढे १९५७ च्या सुमारास ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. हा प्रदेश आज पालघर जिल्ह्यात मोडतो. तेथील वारली मुले शाळेच्या इमारतीकडे फिरकत नसत. तेव्हा ताराबाई आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांनी शाळाच उचलून मुलांकडे नेली. पाड्याच्या अंगणात वर्ग भरू लागला. गुरे कुरणात चरत असतील तर वर्गही कुरणातच भरे; त्याला कुरणशाळा हे नाव पडले. पाने, फुले, बिया, खडे हेच शिक्षणाचे साहित्य झाले. मोठ्या बहिणीला धाकट्या भावंडासह येता यावे म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक वर्ग एकत्र ठेवण्यात आले. झोळीजवळ अडकलेल्या मुलीला झोळीसकट शाळेत घेणे, हा त्यातील खरा शहाणपणा होता.

भारताची राज्यघटना १९५० साली अमलात आली. चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना दहा वर्षांच्या आत मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचा प्रयत्न राज्याने करावा, असे तिच्या पंचेचाळिसाव्या अनुच्छेदात सांगितले होते. ती मुदत १९६० साली संपली. उद्दिष्ट पुरे झाले नव्हते. २००२ साली घटनेत दुरुस्ती होऊन सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचा शिक्षणाचा हक्क मूलभूत हक्कांत घातला गेला. त्यासाठीचा कायदा २००९ साली संमत झाला आणि १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. जोतीरावांच्या निवेदनापासून या दिवसापर्यंत १२८ वर्षे लोटली होती. या कायद्याने काही साध्या पण मोलाच्या गोष्टी केल्या. जन्माचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. जुन्या शाळेचा दाखला यावयास उशीर झाला म्हणून नव्या शाळेला मूल परत पाठविता येत नाही. वर्षाच्या मध्ये आलेल्या मुलालाही घ्यावेच लागते, आणि कधीच शाळेत न गेलेल्या मुलाला त्याच्या वयास योग्य अशा इयत्तेत बसवून त्याच्यासाठी खास शिकवणीची सोय करावी लागते. त्याआधी, २००१ साली, सर्वोच्च न्यायालयाने शाळेत दुपारचे शिजविलेले जेवण देण्याचा आदेश दिला होता. रिकाम्या पोटी बसलेल्या मुलाच्या पाटीवर अक्षर उमटत नाही, हे त्यामागील सत्य होय.

ही गोष्ट केवळ महाराष्ट्राची किंवा भारताची नाही. आफ्रिका खंडातील खेड्यांतही शाळेची वाट पाहणारी मुले आहेत, आणि तेथील आईबापांपुढील प्रश्न केळझरच्या आईबापांच्या प्रश्नाहून फारसा वेगळा नाही. तेथे कित्येक देशांत प्राथमिक शाळेलाही फी भरावी लागे. मलावी देशाने १९९४ साली ती रद्द केली, तेव्हा एका वर्षात शाळेतील मुलांची संख्या सुमारे १९ लाखांवरून २९ लाखांच्या घरात गेली. युगांडाने १९९७ साली प्राथमिक शिक्षण मोफत केले. परंतु आरंभी ही सवलत एका कुटुंबातील चार मुलांपुरती होती. ज्या घरात सहा मुले असतील त्या घराने कोणती चार निवडावीत? एकचक्रेतील त्या घरासारखाच हा प्रसंग! केनियाने २००३ साली फी माफ केली आणि लाखो नवी मुले शाळेच्या दारात उभी राहिली. पुढच्याच वर्षी त्या मुलांच्या रांगेत किमानी मारुगे नावाचे ८४ वर्षांचे आजोबा गणवेश घालून पहिलीच्या वर्गात दाखल झाले. लहानपणी न मिळालेली शाळा माणूस किती काळ मनात जपतो, याचे याहून मोठे उदाहरण सापडणे कठीण.

परंतु या देशांच्या अनुभवातून एक इशाराही मिळतो. मुले आली, पण तितके शिक्षक नव्हते; एकेका वर्गात शंभरावर मुले बसू लागली, कित्येक वर्ग झाडाखाली भरले, पुस्तके पुरेनात. नाव पटावर चढले, पण वाचावयास येईना. दार उघडणे हे निम्मे काम होय. आत गेल्यावर मुलाला खरोखर शिकविले जाते की नाही, हे पाहणे हे उरलेले निम्मे काम.

महाराष्ट्रात आज बहुतेक खेड्यांत शाळा आहे. प्राथमिक शाळा एक किलोमीटरच्या आणि वरच्या इयत्तांची शाळा तीन किलोमीटरच्या आत असावी, असा नियम आहे. मुलींना गावाहून शाळेला जाण्यासाठी अहिल्याबाई होळकर यांच्या नावाच्या योजनेतून एस. टी. चा मोफत पास मिळतो. वर्धा जिल्ह्याच्या उत्तरेस बोरचे अरण्य आहे. २०१४ साली ते व्याघ्र प्रकल्प म्हणून घोषित झाले. अरण्याच्या कडेला असलेल्या वस्त्यांतील मुलांना दोन-तीन किलोमीटरची वाटही सोपी नसते. तेथे वेळेवर येणारी बस ही पुस्तकाइतकीच आवश्यक वस्तू आहे.

याहून बिकट प्रश्न आहे तो गाव सोडून जाणाऱ्या कुटुंबांचा. बीड, अहिल्यानगर इत्यादी जिल्ह्यांतून दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडणीसाठी कुटुंबेच्या कुटुंबे निघतात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी पतिपत्नी मिळून एक कोयता चालवितात आणि उन्हाळ्यापर्यंत साखर कारखान्याच्या परिसरात कोपी बांधून राहतात. मुले बरोबर असतात. गावच्या शाळेत त्यांचे नाव असते; पण ती मुले असतात फडात. त्यांच्यासाठी कारखान्यांजवळ साखरशाळा निघाल्या; मुलांना गावीच ठेवून घेता यावे म्हणून हंगामी वसतिगृहे सुरू झाली. जेथे गावकरी व शिक्षक जागरूक आहेत तेथे आजीजवळ राहून किंवा वसतिगृहात राहून मुले वर्ष पुरे करतात. जेथे तशी जागरूकता नाही तेथे मूल परत येते तेव्हा वर्गाचा अभ्यास कितीतरी पुढे गेलेला असतो. मागे पडलेले मूल लाजते, लाजलेले मूल शाळा टाळते, आणि टाळता टाळता एके दिवशी त्याच्या हाती कोयता येतो. हातातील पाटी सुटते ती अशी, हळूहळू. एका दिवसात नव्हे.

चौदा वर्षांखालील मुलाला कामावर ठेवण्यास २०१६ च्या कायद्याने पूर्ण बंदी केली. शाळेच्या वेळेव्यतिरिक्त आपल्या घरच्या कामात त्याने मदत केली तर मात्र तो गुन्हा होत नाही. आईला सुट्टीच्या दिवशी कापूस वेचू लागणे यात काही गैर नाही. श्रमाची लाज शाळेने शिकवू नये. परंतु मंगळवारी सकाळी अकरा वाजता, इतर मुले वर्गात पाढे म्हणत असताना, एखादे मूल धुऱ्यावर ओटी रिती करीत असेल, तर त्या दिवशी त्याची पाळी लागली असे समजावे. अशा मुलाच्या घरी जाणारा शिक्षक, त्याला हाक मारणारा शेजारचा वर्गमित्र, लहानग्याला सांभाळणारी अंगणवाडी, मोठ्यांना पुरेल एवढी मजुरी देणारा शेतमालक, हे सर्व मिळून कायद्याचे शब्द खरे करतात. त्यांतील एक जरी उणा पडला तरी सगळा भार पुन्हा त्या मुलावर येतो.

एकचक्रेच्या कथेतील लहान मुलाने गवताची काडी उचलली तेव्हा मोठी माणसे हसली. त्याच्या धैर्यात काही उणे नव्हते; उणे होते ते बळ. राक्षस काडीने मरत नसतो. त्यासाठी भीम उभा राहावा लागतो. खेड्यातील मुलाच्या मनातील शिकण्याची इच्छा ही त्या काडीसारखीच आहे. ती प्रत्येक घरात असते, ती प्रामाणिक असते आणि एकटीने तिचे चालत नाही. तिच्यामागे समाजाने आपले बळ उभे करावयाचे असते. फुल्यांनी, सयाजीरावांनी, शाहू महाराजांनी, सेवाग्राम व कोसबाडच्या शिक्षकांनी ते आपापल्या काळी उभे केले. केळझरच्या शिवारात दरवर्षी पुन्हा कापूस फुटतो, पुन्हा वेचणीची घाई होते, आणि पुन्हा प्रत्येक घरात तोच प्रश्न उभा राहतो. त्याचे उत्तर दरवर्षी नव्याने द्यावे लागते. ज्या दिवशी वेचणीच्या ऐन दिवसांतही शाळेच्या हजेरीत एकही जागा रिकामी राहणार नाही, त्या दिवशी एकचक्रेची पाळी खऱ्या अर्थाने संपली असे म्हणता येईल.